नापास व्हायचं ठरवलं होतं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मी मुद्दाम नापास व्हायचं ठरवलं होतं. मला इतिहास शिकायचा होता, पण फॉर्म बाबांनी भरला. ते रेल्वेत. म्हणाले, "काहून रडून राहिली? नोकरी पक्की हाय यात." घर रायपूरच्या समता कॉलनीत, कॉलेजही त्याच शहरात, तरी हॉस्टेल सक्तीचं. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे भिंत. वॉर्डातला वास जेवतानाही बोटांना यायचा. एकदा नापास झाले की बाबा वैतागून घरी नेतील, असा माझा बेत होता.

माझ्या खोलीतली मुलगी महासमुंदकडच्या खेड्यातली, हिंदी माध्यमाची. तिचं उलट होतं. नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण बंद करून लग्न लावणार होते, मुलगाही ठरलेला. इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे सरकवून ती म्हणायची, "तू बस पढ़ के बता दे." नाही कसं म्हणणार?

एका दुपारी आम्ही रक्तस्रावाचा धडा वाचत होतो. तिनं थांबवलं. "खून कम हुआ तो नाड़ी धीमी होनी चाहिए ना? तेज क्यों?"

मला ओळ पाठ होती, कारण माहीत नव्हतं. तिनं पुस्तक मिटलं. मग स्वतःच म्हणाली, "हव, समझ गई. माँ का घड़ा फूट गया, तो लोटे से पानी लाती है. पानी तो उतना ही चाहिए, इसलिए चक्कर ज्यादा." हृदयाचं तसंच. आणि पाणी पुरेनासं झालं की आई आधी चुलीपाशी देते, अंगण कोरडं राहतं. म्हणून हातपाय गार पडतात. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्या पुस्तकातलं काही दिसलं.

पुढच्याच आठवड्यात सकाळच्या ड्यूटीला एक बाळंतीण सारखी कूस बदलत होती. बीपी ठीक होतं, अंगावरून रक्तही फार जात नव्हतं. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "घबरा गई है." मी नाडी मोजली, एकशे तीस. पुन्हा मोजली. हात बर्फासारखे.

"सिस्टर, अंदर खून बह रहा होगा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, मग बाईचा हात धरला आणि डॉक्टरांना हाक मारत धावल्या. ऑपरेशन झालं. बाई वाचली.

कॉलेजनं बाबांना फोन करून कौतुक केलं. बाबांनी सगळ्या कॉलनीत सांगितलं. "पाह्यलं? मी म्हनलो होतो ना, पोट्टी यासाठीच जन्मली हाय!" आई फोनवर रडली. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. आता नापास झाले, तरी ते मला घरी नेणार नव्हते.

तरीही परीक्षेत पेपर कोरा ठेवायचा, असं मनात होतंच. प्रश्न वाचले आणि त्या बाईचे गार हात आठवले. तीन तास लिहीत राहिले. आम्ही दोघी पास झालो. माझी मैत्रीण मला मिठी मारून हसत होती आणि मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते.

ती आता धमतरीत नोकरी करते. लग्न तिनं स्वतः ठरवून केलं. मी 'नवा रायपूर' भागातल्या एका हॉस्पिटलात आहे. काम चांगलं करते, हे मलाही कळतं. बाबा पाहुण्यांना अजून ती बाळंतिणीची गोष्ट सांगतात. मी चहा ठेवायला आत जाते.