गाझियाबादची महसीर

दुर्मिळ मासा वाचवायला नेमलेल्या आमच्या समितीत मासे खाणारे दोघंच होतो, एक बंगाली सहसचिव आणि एक मी. बाकीचे शुद्ध शाकाहारी. कुणाच्या ताटाशी मला काही देणंघेणं नाही, पण ज्याला वाचवायचं त्याला एकदा तरी नीट पाहावं की नाही? आमच्या अध्यक्षसाहेबांपुढे कुणी माशाचा फोटो सरकवला तरी ते नाकाला रुमाल लावायचे. फोटोलाही वास येतो अशी त्यांची समजूत असावी.

नव्वदच्या दशकातले दिवस. दिल्लीत घरोघरी केबल आली होती आणि यमुनेपलीकडे शेतं विकत घेऊन बिल्डर कॉलन्या उठवत होते. मी मूळची साताऱ्याकडची, माशांवर संशोधन करणारी, डेप्युटेशनवर दिल्लीत येऊन पडलेली. लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर, समोर आयएनए मार्केट. माशांच्या बाबतीत तेवढं एक सुख होतं.

आम्ही वाचवत होतो ती महसीर. डोंगरातल्या थंड, वाहत्या पाण्यातली. मोठे मोठे खवले, जाड ओठ आणि अंगाला जुन्या पितळेचा रंग. गढवालातल्या एका ओढ्याच्या डोहात एक भली थोरली मादी दर पावसाळ्याच्या तोंडाशी अंडी घालायला वर यायची. त्या ओढ्यात मादी तेवढी एकच उरली होती. ती गेली की तिथला वंशच संपला. खरं तर आमची योजना एका ओळीत मावत होती: तिला तिथेच राहू द्या आणि ओढ्याला हात लावू नका. पण एका ओळीवर समिती कशी पोसायची? त्या ओळीचा जाडजूड आराखडा झाला, त्यावर उपसमित्या बसल्या, चहाबरोबर ढोकळा आला, आणि शेवटी उद्घाटनाची वेळ आली.

"मॅडम, मंत्रीजी के हाथों मछली छुड़वानी है," साहेब म्हणाले. "वो बड़ी वाली मँगवा लीजिए."

दिल्लीची ही रीतच आहे. मोठा माणूस कामापाशी जात नाही, काम उचलून त्याच्या हाताखाली आणून ठेवतात. मंत्र्यांना रविवारी सकाळी थोडा वेळ होता आणि गाझियाबादच्या एका बिल्डरने नव्या फ्लॅटांपुढे तळं खणलं होतं. मांडव त्याचा, जेवण त्याचं. मासा तेवढा आमचा.

मी म्हटलं, "सर, ती अंड्यांवर आलीय. साचलेल्या गरम पाण्यात संध्याकाळपर्यंतसुद्धा जगायची नाही."

साहेबांनी मला प्रेमाने समजावलं. "अरे मॅडम, फंक्शन तो लंच तक ख़त्म हो जाएगा."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्याने विचारलं, "अगं, झालं काय?" सगळं सांगितलं, आणि सांगता सांगताच मला सुचलं. मासा आणायचं काम माझ्याकडेच होतं ना? मग मी मासा आणणार होते. महसीर कोण आणतंय?

रविवारी पहाटे आयएनएतल्या ओळखीच्या मासेवाल्याच्या टबातून सगळ्यात मोठा जिवंत रोहू उचलला, साचलेल्या पाण्यातही मजेत जगणारा. "काट दूँ, मॅडमजी?" त्याने सवयीने सुरी घेतली. "खबरदार," मी म्हटलं, "याला आज मंत्र्यांना भेटायचंय." आमच्या मारुतीच्या मागच्या सीटवर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत रोहू आणि शेजारी त्याला धरून मी. नवरा गाडी चालवता चालवता घामाघूम. "पकडलं तर?"

"कोण पकडणार? त्यातल्या कुणी मासा ताटात तरी पाहिलाय?"

भीती होती ती एकट्या बंगाल्याची. त्याने लांबूनच ओळखला असता, मोहरी घालून कसा करायचा तेही सांगितलं असतं. पण तो रजेवर होता. कार्यक्रम झोकात झाला. मंत्र्यांनी दोन्ही हातांनी रोहू उचलला, फोटोवाल्यांनी घेरलं, आणि साहेब रुमालाआडून म्हणाले, "क्या राजसी मछली है." रोहू पाण्यात सुळकन पळाला. टाळ्या. मग पनीर. तळ्याकाठी पाटी लागली, "दुर्लभ महसीर का घर". फ्लॅटांचे भाव वाढले म्हणतात. आणि तिकडे डोंगरात पाऊस लागला, ती मादी वर आली आणि तिने अंडी घातली. मी इतकी खूश होते की महिनाभर घरात कुणावर ओरडले नाही. त्या रोहूचा मला आजही पश्चात्ताप नाही.

हिवाळ्यात बैठकीत एक नवी फाइल आली. त्या ओढ्यावर कुणा कंपनीला धरण बांधून वीज काढायची होती. समितीची हरकत आहे का, एवढाच प्रश्न होता.

"हरकत कसली?" साहेब म्हणाले. "आपली मछली तर आता गाझियाबादमध्ये सुरक्षित आहे." माझं मन राखायला ते अधूनमधून असं मराठी बोलत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उभी राहिले. नोकरी गेली तर गेली. "सर, गाझियाबादला आहे तो रोहू आहे. आयएनए मार्केटमधून मीच आणला होता. महसीर ओढ्यातच आहे."

मग साहेबांनी शांतपणे मागच्या बैठकीचं इतिवृत्त उघडून चष्मा लावला. "यहाँ तो महसीर लिखा है. मंत्रीजी ने छोड़ी है. आप कह रही हैं मंत्रीजी ने रोहू छोड़ी?"

"तुमच्या बंगाली सहसचिवांना फोटो दाखवा. एका नजरेत सांगतील."

"उनका तो ट्रान्सफर हो गया," कुणीतरी म्हणालं, आणि ढोकळा फिरवला.

हरकत नाही, असं एकमताने लिहिलं गेलं. माझं बोलणं इतिवृत्तात आलंच नाही. मला साधी नोटीससुद्धा मिळाली नाही. मिळाली असती तर मंत्र्यांनी रोहू सोडला हे कागदावर आलं असतं ना.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी रजा टाकून मी एकटीच त्या डोहावर गेले. ती आलेली होती. प्रवाहाकडे तोंड करून, शेपूट हळूहळू हलवत, आपल्या जागेवर उभी. वर काठाच्या खडकावर, माझ्या डोक्याच्याही वर, मोजणीवाल्यांनी लाल रंगाची रेघ मारली होती. धरण झालं की पाणी तिथपर्यंत चढून थांबणार होतं.

मला रडू आलं, आणि रागही इतका आला की हाताला लागेल तो दगड मी त्या रेघेवर फेकून मारला. मी तिला तळ्याकडे नेलं नव्हतं. आता तळंच तिच्याकडे यायला निघालं होतं.