प्लगवरचा निळा ठिपका

जे सांगायला बसलोय ते माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलीला तर नाहीच नाही. आमच्या वस्तीत मला अजूनही मशीनवाले सुदामभाऊ म्हणतात. जयंतीला विहारात बोलावून शाल घालतात, टाळ्या वाजवतात. मी हात जोडतो, हसतो — आणि घरी आल्यावर वाटतं, स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात. देत नाही. तेवढीही हिंमत कधी झाली नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट आहे ही. आमचं गाव इंझोरीच्या बाजूचं, लहानसं. वाशीम जिल्हा झाला नव्हता तेव्हा. गावात लाइट नुकतीच आली होती आणि भोंगा एकच होता — पाटलांकडे. लग्न असो, भागवत असो, तोच वाजायचा. आमच्या वस्तीनं चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी दोन महिने आधीच मागितला, तर निरोप आला की बिघडला आहे. त्याच संध्याकाळी तो त्यांच्या भाच्याच्या साखरपुड्यात गावभर बोंबलत होता! आजही आठवलं की डोकं तापतं. पण थांबा. त्या रागाच्या आडोशाला मी फार वर्षं लपलो. आज तिथं जायचं नाही.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त चिडली ती गोदाआत्या. माझ्या बापाची धाकटी बहीण, विधवा, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाणारी. अक्षरओळख नव्हती, पण गाणी स्वतः रचायची. निंदताना तिनं सूर लावला की दोन वावरं पलीकडच्या बाया हात थांबवून ऐकायच्या. तिची एकच इच्छा होती — आपलं गाणं एकदा पाटलांच्या ओसरीपर्यंत गेलं पाहिजे.

"सुदाम, तू वाशीमले रेडू दुरुस्त करतं ना?" ती म्हणाली. "मंग आपला भोंगा आपणच बनवू. त्याहिच्या दारात कायले जाचं?"

मी वाशीमला रेडिओच्या दुकानात कामाला होतो. मालक भला माणूस. दुकानामागं भंगाराचा ढीग होता — फुटलेले रेडिओ, गिऱ्हाईक परत न्यायलाच न आलेले सेट, एका तमाशावाल्यानं टाकून दिलेला लोखंडी माइक, चेपलेला कर्णा. मालक म्हणाला, लागेल ते ने. मग काय! एका सेटचे वॉल्व्ह, दुसऱ्याचे कंडेन्सर, तिसऱ्याचा स्पीकर. पेटीसाठी गोड्या तेलाचा डबा कापून पत्रा सरळ केला. कर्ण्याचा चेपलेला भाग लाकडी हातोडीनं ठोकून काढला. जोडत गेलो, उकलत गेलो, पुन्हा जोडत गेलो. आणि एका दुपारी त्यातून माझाच आवाज बाहेर पडला. दुकानातली माणसं उठून उभी राहिली. काय छाती फुगली होती माझी — तुम्हाला काय सांगू?

पण त्यात एक वस्तू नव्हती. ट्रान्सफॉर्मर. भंगारात जे होते ते सगळे जळके. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लाइनचा करंट आणि पत्र्याची पेटी यांच्यामधला बांध. तो नसला तरी मशीन चालतं, पण प्लग एका बाजूनंच घालावा लागतो. दोन पिनांचा प्लग, तो उलटाही बसतो. सुलटा घातला तर काही नाही. उलटा घातला तर पेटीचा पत्रा आणि माइकचं लोखंड, दोन्हींत करंट उतरतो. दुकानात हे सगळ्यांना माहीत होतं. मालक म्हणालाही होता, अकोल्याहून एक चांगला ट्रान्सफॉर्मर मागवला आहे, तेवढा येऊ दे, मग ने.

जयंती तोंडावर होती. मी थांबलो नाही.

म्हणून प्लगच्या वरच्या बाजूला मी रंगाचा एक ठिपका दिला. ठिपका वर ठेवून प्लग घालायचा, बस्स. ठिपका दिला निळ्या रंगाचा. आपलाच रंग ना! आणि तो कशासाठी आहे ते एकालाही सांगितलं नाही. काहून नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर कबूल करावं लागलं असतं की मशीन अर्धवट आहे. आणि गावात तर मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो की पाटलांच्या भोंग्यापेक्षा आपला पक्का.

जयंतीच्या आदल्या दिवशी पोरांनी वस्ती रंगवायला घेतली. विहाराचा दरवाजा निळा, खांब निळे, सायकलींची चाकं निळी. डब्यात रंग उरला. उरलेला रंग वाया कसा घालवायचा? त्यांनी माझी पेटी रंगवली, माइकचा दांडा रंगवला आणि हौसेनं प्लगसुद्धा — अख्खा निळा! ठिपका कुठं गेला, कुणाला कळणार? मला कळलं. मी समोर उभा होतो. पोरं म्हणाली, "भाऊ, आता कशी आपली मशीन दिसून राह्यली!" आणि मी हसलो. हो, हसलो. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात टेस्टर होता. दुकानात कुठल्याही पेटीला हात लावण्याआधी टेस्टर टेकवायचा, ही आमची सवयच. त्याचा दिवा लागला तर प्लग काढून फिरवायचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण सगळी वस्ती जमली होती, मी नवा पांढरा शर्ट घातला होता, आणि स्वतः केलेल्या मशीनला सगळ्यांदेखत टेस्टर लावायचा? म्हणजे मिस्तरीच भ्यायला, असं नसतं का दिसलं? मी टेस्टर काढलाच नाही. प्लग हातात घेतला, घातला. बैलगाडीच्या फळ्यांच्या मंचावर चढून "हॅलो, हॅलो" म्हटलं. कोरड्या फळ्या, पायात चपला. मला काहीच झालं नाही. पाठोपाठ तीन पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यांनाही काही झालं नाही.

मग आत्याचं नाव पुकारलं. ती मंचाकडं निघाली तर एक पुढारी म्हणाला, "बाई, तुमी खालूनच म्हणा." माइक खाली दिला. खाली बायांनी पहाटे सडा टाकला होता, उन्हाची धूळ बसावी म्हणून पुन्हा पाणी मारलं होतं. फोटोसमोर उभं राहायचं म्हणून आत्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या. अनवाणी, ओल्या मातीवर. मी हे बघितलं. ओल्या मातीतून करंट जातो, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो — पाटलांच्या ओसरीवर माणसं उभी राहून आमच्याकडे बघत होती ना.

तिनं माइक धरला आणि गाण्याचा पहिला शब्दही पुरा झाला नाही. हात माइकलाच चिकटला. कर्ण्यातून जे निघालं ते गाणं नव्हतं. कुणीतरी वायर उपटली, तेव्हा ती मातीत पडली. जीव तेवढा वाचला. उजव्या तळव्याला भाजल्याचा वळ राहिला, दोन बोटं पुढं नीट मिटली नाहीत. ओसरीवर कुणीतरी हसलं.

सगळे माझ्याकडे वळले. "काय झालं, मिस्तरी?" मिस्तरी! त्या क्षणी मला खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात माझ्या तोंडातून दुसरंच निघालं — "हात ओले असतीन तिचे. बायांनी माइकले हात लावू नये. त्याहिच्या हाताले ओल राह्यते."

कुठून सुचलं हे मला? माझी जीभ झडली का नाही? आणि लोकांनी मान डोलावली. वाशीमला शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर खोटं कसं असेल?

पंधरा दिवसांत अकोल्याचा ट्रान्सफॉर्मर आला. मी तो गुपचूप बसवला. पेटीवरचे स्क्रू घट्ट केले आणि तोंडही. त्यानंतर ते मशीन जे चाललं — लग्नं, जयंत्या, सभा — एकदाही बंद पडलं नाही. भंगारातून उभं केलेलं मशीन, म्हणून लांबलांबून माणसं बघायला यायची. कौतुक माझं. आणि नियमही माझाच — बाईनं माइक धरायचा नाही. पाटलांनी केलेला नव्हता तो नियम. त्यांना शिव्या द्यायचा हक्क मी कधीच गमावला. माझं एक खोटं, आणि आमच्याच वस्तीनं, आमच्याच विहारात, आमच्याच बायांची तोंडं बंद केली. बाया गाणी लांबून म्हणायच्या, गडी माइक धरायचे.

आत्या त्यानंतर चारचौघांत कधी गायली नाही. वावरातही नाही. बाया आग्रह करायच्या, ती तळवा दाखवायची.

माझी मुलगी सातवीत असताना तिनं जयंतीसाठी भाषण पाठ केलं. घरात आरशासमोर म्हणून दाखवलं. विहारात तिचं नाव पुकारलं, ती धावत माइककडे गेली. पहिल्या रांगेतून आत्या उठली — म्हातारी झाली होती तोवर — आणि तिनं पोरीचं मनगट धरलं.

"नको धरू, माय. आपल्या हाताले ओल राह्यते. तुह्या बापाले इचार, त्याले सारं समजते."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. आत्यानंही बघितलं, विश्वासानं. मी मशीनपाशीच बसलो होतो. त्या पेटीत दहा-बारा वर्षांपासून ट्रान्सफॉर्मर होता, माइक लहान लेकरानं चाटला असता तरी काही झालं नसतं. मी मान हलवली. हो म्हणून. पोर खाली जाऊन बसली.

आत्या आता नाही. आपल्याच हातात खोट आहे, असं समजून ती गेली. मी तिला खांदा दिला. तिरडीवर तो उजवा हात वर होता, बोटं अर्धी उघडी.

तिचा हात त्या दिवशी कोरडा होता. माइक घेण्याआधी तिनं दोन्ही हात पदराला नीट पुसले होते. मी बघत होतो.