इव्हाबायच्या मिरच्या आणि मॅपमधला रस्ता

इव्हाबायच्या तोंडाला लागायचं नाही, हे अंधेरीच्या त्या गावठाणात मांजरांनाही ठाऊक होतं. फोनमधल्या मॅपला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

एप्रिल लागला की इव्हा आणि तिची धाकटी जाऊ एलेन घरासमोरच्या गल्लीत चटया अंथरायच्या आणि त्यांवर मिरच्या ओतायच्या. बाटली मसाल्याच्या मिरच्या. त्या वाळवायच्या, देठं खुडायची, भाजायच्या, दोघींनी समोरासमोर उभं राहून मुसळांनी कुटायच्या आणि तपकिरी बाटल्यांत ठासून भरायच्या. नवरा, गिल्बर्ट, गेल्यापासून इव्हाचं घर या बाटल्यांवरच चाललं होतं. गावठाणात कुणाला वेगळं अंगण नाही. गल्ली हेच सगळ्यांचं अंगण. लग्नाचा मांडव तिथंच, मे महिन्यातली क्रुसापुढची रोझरीची प्रार्थना तिथंच, आणि भांडणं तर कुठं करणार? एखादी रिक्षा चुकून शिरलीच तर तिची फटफट वळणापासून ऐकू यायची. मग एलेन चटईच्या एका टोकाला, इव्हा दुसऱ्या टोकाला. चटई वर, रिक्षा पार, चटई खाली. शेजारधर्म म्हणून एवढं त्या करायच्या.

यंदा मोठ्या रस्त्यावर खोदकाम निघालं आणि मॅपला ही गल्ली सापडली. इथून गेलं की वेळ वाचतो म्हणे. कुणाचा वाचतो, देव जाणे. सकाळपासून गाड्यांची रांग लागायची आणि त्यातल्या निम्म्या विजेवरच्या. धूर नाही, हे झकासच. इव्हाला दम्याचा त्रास, तिनं विजेला कधी नावं ठेवली नाहीत. पण आवाजही नाही! एका दुपारी अशीच एक टॅक्सी गुपचूप मागून आली. एलेन वाकून मिरच्या उलटत होती. तिचा पाय थोडक्यात वाचला. चटईवरच्या मिरच्यांचा भुगा झाला आणि त्यात टायरची माती.

"आंटी, मॅप में रास्ता दिखा रहा है," ड्रायव्हरनं फोन पुढे केला.

"मग मॅपमधून जा ना! माझ्या मिरच्यांवरून कशाला जातो?"

इव्हाचा मुलगा क्रिस स्वतः तसलीच टॅक्सी चालवायचा. त्याला बसवून तिनं मॅपवर तक्रार टाकायला लावली, की ही आमची गल्ली आहे, गाड्यांचा रस्ता नव्हे. उत्तर आलं: आभारी आहोत, तपासून पाहिलं, रस्ता चालू आहे.

"तपासायला कोण आलेला?" इव्हा भडकली. "मला तर कोण दिसला नाय."

"कोण येत नाय, मम्मा. ते तिथूनच बघतात. तू सोड ना आता. मसाला गिरणीत दे, मिरच्या पत्र्यावर टाक."

"पत्र्यावर करपतात. आणि मी का म्हणून चढू पत्र्यावर? गल्ली माझी, आणि मीच हटू?"

दुसऱ्या दिवशी तिनं चटया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरल्या आणि मधोमध खुर्ची टाकून बसली. हॉर्न वाजले, शिव्या झाल्या. एकानं पोलिसांची धमकी दिली. "बोलाव की! त्यांच्या घरी पण माझाच मसाला जातो," म्हणून ती देठं खुडत राहिली. गाड्या आल्या तशा मागं फिरल्या. एलेनच्या जिवाला मात्र वेगळाच घोर लागला होता. "इव्हाबाय, क्रिसची गाडी आली तर गं?"

आणि आलीच. मागच्या सीटवर विमान गाठायला निघालेली एक बाई, सारखी घड्याळ बघणारी.

क्रिस खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मम्मा, उचल ना चटई. मॅडमना उशीर होतोय. ॲपवर स्टार कापले तर मला भाडीच येणार नाय."

एलेननं चटईचं टोक उचललंसुद्धा. स्टार म्हणजे पोराची भाकर, हे न कळायला इव्हा काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण क्रिसच्या मागं आणखी दोन टॅक्स्या येऊन थांबल्या होत्या आणि ते ड्रायव्हर टक लावून बघत होते. पोटच्या पोरासाठी चटई उचलली, तर परक्याला कुठल्या तोंडानं अडवायचं?

"एलेन, ठेव खाली." मग ती मुलाकडे वळली. "तुला या गल्लीत चालायला शिकवलंय मी. गाडी घालायला नाय शिकवलं. मागे घे."

क्रिसचे कान लाल झाले. तो तसाच रिव्हर्समध्ये वळणापर्यंत गेला आणि त्याच्याआधी त्या दोघांना मागं जावं लागलं. मॅडमनी एकच स्टार दिला. त्या रात्री तो जेवला, पण आईशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इव्हाला वाईट वाटलं, फार वाटलं, तरी खुर्ची काही तिनं हलवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्रिस गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत जेवायला आला. ताटावर बसला, तोच त्याचा फोन वाजला. टॅक्सी चालवणारा त्याचा दोस्त धम्मपाल होता.

"यार, मॅप तुझ्या गल्लीतून रस्ता दाखवतोय. घालू का गाडी?"

क्रिसनं उघड्या दारातून बाहेर पाहिलं. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, आई बसली होती.

"नको घालू," तो म्हणाला. "आणि आपल्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर पण टाक. मॅप काय पण दाखवू दे, इथं रस्ता नाय. माझी मम्मा बसलीय."