कमलचे टाके

ड्रेसिंगचा कचरा रोज उचलला जातो, किस्से मात्र कुणी नेत नाही. तलासरीच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात मी मावशी आहे. सध्याचे सगळे किस्से झरीच्या कमलच्या खाटेवरचे. सिझर झालं, बाळ छान, पण टाके पिकले. डॉक्टर म्हणाले, "पू थांबला नाही तर वलसाडला न्यावं लागेल. पुन्हा ऑपरेशन!" तेव्हापासून आम्ही सगळेच धास्तावलेलो.

*

सिस्टरने कमलच्या सासूला बजावलं, "पट्टी अजिबात काढायची नाही!"

सकाळी बघतो तर पट्टी हिरवीगार. पाल्याचा लेप!

"आजी, हे काय?"

"काढली कुठं बाय? वरूनच लावलं!"

*

"एका वेळी एकच माणूस," असं ठरवलं. पाड्यावरून टेम्पो भरून माणसं आली. दारात शिस्तीत रांग! एकेक जण आत जाई, कमलच्या खाटेवर बसे, बाळाचा मुका घेऊन बाहेर येई.

सिस्टर भिंतीला टेकली. "काय बोलू मावशी? नियम तर पाळतायत!"

*

हात धुवायला खाटेजवळच्या बेसिनवर नवा साबण ठेवला. दुपारी गायब. सापडला सासूच्या पिशवीत.

"तिथं ठेवला तर सगळेच हात धुतील. संपणार ना!"

*

टाक्यांमुळे आलेला कमलचा ताप उतरला, आम्हाला जरा बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा चढला. चादर बदलताना उशीखाली कॅप्सूल सापडल्या.

कमल म्हणाली, "मला बरं वाटलं. दीर खोकतोय, त्याला ठेवल्या."

डॉक्टर नुसते स्टुलावर बसले.

*

रोज धुणं, पुसणं, पट्टी, आणि तेच तेच सांगणं. शेवटी एकदाचे टाके सुकले. वलसाड टळलं. डॉक्टर सुट्टी देणार, तेवढ्यात सासूने त्यांना बाजूला घेतलं.

"माझा पोरगा बाहेर उभा आहे. त्याला सांगा, पू अजून आहे."

"अहो आजी, पण जखम सुकली!"

"सुकली म्हणालात की उद्यापासून हंडे हिच्याच डोक्यावर."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन गंभीर आवाजात म्हणाले, "टाके सुकलेत, पण आतून अजून कच्चे आहेत. मी सांगेपर्यंत कमलने काहीही जड उचलायचं नाही."

कमलचा नवरा गोंधळला. "मग पाणी कोण भरणार?"

सासू बाळ खांद्यावर घेऊन म्हणाली, "का? तुला कुठं टाके पडलेत?"