तेराव्यानंतर मरणाऱ्या कमांडा

लेकीचं कॉम्प्युटरचं काम मला कळत नाय. मी चौथी शिकलो आणि पुढं भातशेती केली. पण ते मशीन बिघडलं तेव्हा मी बाजूलाच बसून होतो, म्हणून सांगतो.

आमच्या हिचं दुखणं वाढलं तेव्हा लेक शहरातली खोली सोडून गावी आली. येताना कंपनीचा एक जुना सर्व्हर घेऊन आली. ट्रंकेएवढा लोखंडी डबा, वरच्या अंगाला हवेची जाळी. कंपनीत काय नवीन बसवायचं असंल तर ते आधी ह्या डब्यावर चालवून बघायचं, हे तिचं काम. मधल्या खोलीत हिच्या खाटेच्या पायथ्याशी, भाताच्या कणगीच्या बाजूला तो ठेवला. दिवसभर घुरघुर चालायची. ही खाटेवरनं म्हणायची, "गो, ह्याला पण दमा हाय का? दोघांना एकच डॉक्टर बोलव."

मग ही गेली. सुतकात काम नको म्हणून मी लेकीला डबा बंद ठेवायला लावला. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तिनं डबा चालू केला आणि तिथनं भानगड सुरू झाली.

ती कमांड लिहायची. कमांड म्हणजे मशीनला दिलेला हुकूम. ह्या कप्प्यात काय काय हाय ते दाखव, जागा किती उरली ते सांग. रोजचे, साधे हुकूम. मशीन एक इंग्रजी ओळ टाकायचं आणि हुकूम मध्येच मरायचा. तोच परत दिला तर कधी चालायचा, कधी नाय.

"काय लिहितंय ते?" मी विचारलं.

"सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रामनं नको त्या जागी हात घातला, म्हणून सिस्टिमनं त्याला मारला."

"कोणत्या प्रोग्रामनं?"

"सगळ्याच, बाबा. तेच तर."

तिच्या साहेबाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. शुक्रवारपर्यंत मशीन सुधरलं नाय तर मशीन आणि तू दोघंही हापिसात या, घरून काम बंद. लेक "हो सर" म्हणाली. मी म्हटलं, "जायाचं तर जा. मी काय पोर नाय." मला ती जायला नको होती. हे मी तिला सांगितलं नाय, आणि ह्या वयात सांगायची सवय लावून घेणार पण नाय.

पहिल्यांदा तिला वाटलं, हुकमांच्या फायलीच खराब झाल्यात. दुसऱ्या चांगल्या मशीनवरच्या फायलींशी तिनं त्या ताडून बघितल्या. जुळल्या. मग तिनं सगळी सिस्टिम पुसली आणि नवी बसवली. सकाळी बसवली, जेवायच्या वक्ताला पुन्हा तीच ओळ. ती पाटावर तशीच बसली. भाकरी वाळून गेली.

"नवी सिस्टिम पण मरतेय," ती म्हणाली. "म्हणजे खोट सिस्टिममध्ये नाय. डब्यात हाय."

मग तिनं मेमरी तपासायला लावली. चालू काम मशीन जिथं धरून ठेवतं ती मेमरी. डब्यात तिच्या दोन पट्ट्या असतात, बोटभर रुंद. तपासणीला वेळ लागतो, म्हणून मी गुरं पाण्यावर नेऊन आणली. आलो तर पडदा चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरलेला. तिनं डबा उघडला. एका पट्टीच्या पायाशी सोनेरी दात असतात, त्यांच्यावर हिरवट पांढरा थर चढलेला. दुसरीवर थोडा कमी. आणि पंख्याच्या कडेला एक वाळलेला पानाचा तुकडा. तिनं तो उचलला, चुरगळला, नाकाशी नेला. मग डब्याला नाक लावलं.

"बाबा, तेराव्याला घर कोणी शिंपडलं?"

माझ्या बहिणीनं. उंबरमाळीकडं दिलीय ती. घर धुऊन झालं आणि तिनं गोमूत्राचा तांब्या घेतला, आंब्याचा डहाळा बुडवून कोपरान् कोपरा शिंपडला. कणगी शिंपडली, खाट शिंपडली, डबा तर जास्तच, कारण तो खाटेच्या पायथ्याशी होता. जाळीतनं आत गेलं. डबा बंद होता म्हणून जळला नाय, नुसता आत सडत राहिला.

मी तिथल्या तिथं बहिणीला फोन लावला. "बाय, तू लेकीचं मशीन मारलंस."

"मी? मी त्याला हात तरी लावला का?"

"गोमूत्र घातलंस त्याच्यात."

"मंग काय घर बाटलेलं ठेवायचं व्हतं? वहिनी त्याच्याच बाजूला गेली ना, दादा?"

लेकीनं माझ्या हातातनं फोन घेतला. "आत्या, तू बरोबर केलंस गो. फक्त जाळीवर नको होतं. पुढच्या वेळी मी कापड टाकीन."

"पुढची वेळ कोणाची म्हंतेस?" आत्या ओरडली. "तुझ्या बापाची?"

"त्याला अजून वेळ हाय. आत्ताच भांडायला लागलाय." लेक हसली. ही गेल्यानंतर मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

टोकावड्याच्या बाजारात जाऊन तिनं खोडरबर आणला. शाळेतला, पेन्सिल खोडायचा. पट्ट्यांचे दात त्यानं घासले, मी उजेड धरला. एक पट्टी गेलेलीच होती. दुसरी साफ झाली, तपासणीत पास झाली. डबा एका पट्टीवर चालू झाला. हळू चालतो, पण मरत नाय. तिनं एकच हुकूम परत परत दिला, प्रत्येक वेळी उत्तर आलं.

शुक्रवारी तिनं साहेबाला खरं ते सांगितलं. मग साहेब म्हणाला, "आता पूर्ण शुद्ध झालाय ना? मग राहू दे तिथंच. नवी पट्टी पाठवतो."

तिनं फोन ठेवला. मी विचारलं, "जायची नाय ना?"

"नाय."

"मग संध्याकाळचा भात तू लाव. माझा खाली लागतो."