गोदेच्या डोहात समुद्राची नाव

आमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे हे गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं कुणाचं काही अडतही नव्हतं. गोदावरी होती. तिला पूर आला की माणसं गूळ करायच्या काहिलीत बसून पैलतीर गाठायची. एरवी भोयाची सपाट बुडाची नाव होती. एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. भागत नव्हतं ते एकट्या देशमुखांचं.

देशमुख डोळे दाखवायला मुंबईला गेले होते. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, पण त्या डोळ्यांनी तिथं एका साहेबाची पांढऱ्या शिडाची नाव पाहिली, आणि परत येताना ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. समुद्राच्या काठाकाठानं हिंडायची, दोन माणसं आत निजतील एवढी छोटी शिडाची नाव कशी बांधावी, असं ते पुस्तक. आकृत्या झकास. पण वाचणार कोण? आसपासच्या दहा गावांत इंग्रजी वाचणारा एकच होता, तो मी.

मी मेंढपाळाच्या घरातला. आमच्या घराण्यात पहिलं पुस्तक मी उघडलं आणि बी.ए. होऊनच मिटलं. हे मी बढाई म्हणूनच सांगतो. न सांगण्याइतका साधू मी तेव्हा नव्हतो, आताही नाही. तालुक्याच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा निघाली होती. ती जागा देशमुखांच्या चिठ्ठीवाचून कुणाला मिळायची नाही, हे शाळेच्या भिंतींनाही ठाऊक होतं. आणि मला ती जागा हवी होती. नाहीतर पदवी काखोटीला मारून आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मेंढरांमागं फिरायचं होतं.

देशमुखांनी मला सदरेवर बोलावलं.

"काय बे, ही नाव वाऱ्याच्या उलट जाती म्हनं. खरं हाय का?"

"होय मालक. तिरकी तिरकी जाते, पण जाते."

सदर हसली. कारभारी म्हणाले, "खळ्यात भुसा उधळला तर तो कदी वाऱ्याकडं तोंड करून आलाय का?"

मी म्हणालो, ओला चिंचोका दोन बोटांत दाबला तर तो बोटांच्या दिशेनं जातो का? नाही, पुढं सटकतो. तसंच. शीड एका बाजूनं रेटतं, पोटाखालचं लोखंडी पातं पाण्यात आडवं सरकू देत नाही, मग नाव पुढं सटकते. कारभाऱ्यांना चिंचोका पटला नाही. देशमुखांना पटला, किंवा कारभाऱ्यांना गप्प करायची संधी पटली.

"करून दाव. निजामसरकारचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर येनारेत. त्यांच्या म्होरं नाव वाऱ्याच्या उलट घाटाला लागली, की चिठ्ठी तुजी."

पुस्तक हातात आलं. निम्मं वाचून झालं आणि पुढची पानं उघडेनात. कडेला दुमडून एकमेकांना जोडलेली होती. तशी पुस्तकं त्या काळी येत. घेणाऱ्यानं सुरीनं पानं कापून घ्यायची; पहिली निम्मी दुकानदारानंच कापली असावीत. मी सुरी मागितली तर देशमुख ताडकन उठले.

"खंडेनवमीला तलवारीशेजारी पुजलंय ते! सरस्वतीला सुरी लावतूस?"

मी सुरीचा नाद सोडला. नावेच्या आकृत्या पहिल्या निम्म्यात भरपूर होत्या. उरलेल्यात साहेबांच्या सहलींची वर्णनं असतील, असं मीच माझ्या मनाशी ठरवून टाकलं. आणि लोकांनी विचारलं की सांगू लागलो, "सगळं वाचलंय." बी.ए. झालेल्या माणसानं पुस्तक निम्मंच वाचलंय हे कसं सांगायचं?

सुतारानं आयुष्यभर गाड्या केल्या होत्या. नावेचं गोल पोट बघून तो म्हणाला, "गाभन म्हशीवानी दिसाय लागली की." पण हात त्याचा सोन्याचा. फळ्या पाण्यात भिजवून, विस्तवावर शेकून त्यानं अशा वाकवल्या की आकृती लाजावी. पातं लोहारानं मोडक्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा तापवून, ठोकून केलं. शिडाला जाड पासोडीचं कापड घेतलं आणि आमच्या आईनं घोंगडीला लावतात तशी चिंचोक्याची खळ त्याला लावली, म्हणजे वारा आरपार जायला नको. वाळत घातलं तर देशमुखांच्या गाईनं एक कोपरा चाटून चाटून खाल्ला. तिथं ठिगळ आलं. साहेबाच्या नावेला ते नसावं.

मग भोई आला. म्हातारा, काटक, तोंडाचा फाटका. त्यानं नावेभोवती एक चक्कर मारली, वाकून पात्याकडं पाहिलं.

"पान्यात किती जाती ही?"

"चार फूट."

"फूट मला कळत न्हाई. अंगावर सांगा."

मी छातीवर हात ठेवला. तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"अवो बी.ए., घाटापुढं वाळूचा दांडा हाय. तितं मांडीभर पानी. ही बाई तितंच बसनार. त्यापरीस नावेच्या पोटात फट ठिवा, आन हे पातं मोटंवानी दोरानं वर-खाली करा. डोहात खाली सोडा, वाळू आली की वडून घ्या."

सुतार लगेच म्हणाला, "हुईल की. चार दिसांचं काम."

मी म्हणालो, "मामा, पुस्तकात तसं नाही."

"सगळं वाचलंय का?"

"सगळं."

त्यानं पात्यावर बोटानं टिचकी मारली. मग म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या. पुस्तकानं पानी पाह्यलं आसंल."

कार्तिकात आमच्याकडं उगवतीचा वारा धरतो. घाट डोहाच्या उगवतीच्या टोकाला. त्या दिवशी घाटावर गालिचा, गालिच्यावर खुर्ची, खुर्चीत हैदराबादी शेरवानीतले तालुकदारसाहेब. पायऱ्यांवर सगळा गाव. आबा मेंढरं घेऊन दरडीवर उभे. आम्ही नाव दरडीखालच्या खोल पाण्यात सोडली. सुकाणूवर मी, शिडाच्या दोराला भोई, आणि मधोमध भरजरी पगडी घालून देशमुख.

वाऱ्याबरोबर जाताना काही प्रश्न नव्हता. शीड फुगलं, गाव ओरडला. दूरच्या टोकाला मी नाव वळवली, आणि ती एका अंगावर कलून सपसप वाऱ्याकडं चढू लागली. ठिगळाचं शीड, गाडीच्या धावांचं पातं, आणि नाव चालली होती! भोयानं दोर ओढताना माझ्याकडं पाहून मान हलवली. मला आयुष्यात मिळालेली तेवढीच खरी पदवी.

"बे, सरळ घे की! वाकडी कावून चालवतूस?" देशमुख कलत्या नावेची कड दोन्ही हातांनी धरून ओरडले.

"सरळ जात नाही मालक, नागमोडीच जावं लागतं. आता वळायचंय. शिडाची काठी या बाजूची त्या बाजूला येईल, मान खाली घाला."

"आमची मान कुनापुडं खाली हुत न्हाई."

काठीला हे ठाऊक नव्हतं. ती आली, पगडीला लागली, आणि पगडी डोहात पडून बदकासारखी तरंगत गेली. घाटावर कुणीतरी पहिला हसला. तो कोण हे आजही कुणी कबूल करत नाही.

घाटावरून तालुकदारसाहेबांचा आवाज आला, "ये कश्ती टेढ़ी क्यों आ रही है?" कारभारी हात जोडून म्हणाले, "हुजूर, चलानेवाला नया है." वाऱ्याच्या तोंडावर नाव चढत येत होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि सगळ्यांना दिसत होतं ते फक्त वाकडेपण. एकटे आबा दरडीवरून ओरडले, "आरं, मेंढरं बी डोंगर आशीच चढत्यात!" पण धनगराचं कोण ऐकतो?

तीन वळणं झाली. घाट पन्नास हातांवर आला. मग खालून खर्रर्र आवाज आला आणि नाव जागच्या जागी उभी राहिली. वाळूचा दांडा. पाणी मांडीभर.

देशमुखांना भोयाच्या खांद्यावर बसून, उघड्या डोक्यानं तालुकदारसाहेबांपुढं उतरावं लागलं. नाव म्हशी लावून ओढून काढली.

घरी येऊन मी पुस्तक घेतलं, आणि आबांची लोकर कातरायची कातर घेतली. जोडलेली पानं कापली. पहिल्याच उघडलेल्या पानावर लिहिलं होतं: उथळ पाण्यासाठी या नावेच्या पोटात फट ठेवून वर ओढता येईल असं पातं बसवावं. शेजारी आकृती. दोरासकट.

दुसऱ्या दिवशी ते पान मी देशमुखांपुढं धरलं. त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी तू सगळं वाचलंच नव्हतंस."

"तुम्ही सुरी लावू दिली नाही मालक."

"मी न्हाई म्हनलो. तू कावून ऐकलंस? बी.ए. कोन हाय बे? मी, का तू?"

जागा देशमुखांच्या मेहुण्याला मिळाली. त्याला इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत असे, तेही चांगल्या दिवशी.

नाव देशमुखांनी डोळ्यांपुढून हलवायला सांगितली. भोयानं ती नेली. सुतारानं चार दिवसांतच फट पाडली आणि पातं दोराला टांगलं. त्या हिवाळ्यात मी मेंढरं पाजायला घाटावर जायचो, तेव्हा ती नाव भर वाऱ्यात नागमोडी चढत यायची, वाळूवर पातं वर, पुढं पातं खाली, थेट घाटाला. पायऱ्यांवरची माणसं एकमेकांना सांगत, "वाकडी येती, पन येती."

वळायची वेळ आली की भोई आधी माझ्याकडं बघायचा. मी काठावर, शिडाची काठी माझ्यापासून पन्नास हात दूर. तरी तो तोंडाशी हात धरून ओरडायचा, "अवो बी.ए., मान खाली घाला!"