माझ्या तळहाताच्या मापाचा माथा

हिंगोलीस कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी आजतागायत अर्ज लिहून देतो. शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि माझा मजकूर वाचून वकीलही दोनदा विचार करतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या टेबलाखाली एक तांबडा कुत्रा बसत असे. उजवा हात लिहीत असता डावा हात त्याच्या माथ्यावर विसावलेला असे. त्यावाचून मला मायना सुचत नसे.

पुढे त्या माथ्यावर दगडासारखी टणक गाठ वाढू लागली. डोंगरकडा गावचा एक पक्षकार म्हणाला, "काका, तापल्या सळईचा डाग द्या. आमच्या बैलाची गाठ तशीच बसली."

"हा बैल न्हाई."

"बराबर हाय, बैल काम करतो!"

मंडळी हसली. मी टेबल आवरले आणि पत्नीसह कुत्र्याला घेऊन परभणीस जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

गाठ माथ्याच्या हाडासकट काढावी लागणार होती. उघड्या पडणाऱ्या मेंदूवर, कवळी ज्या मसाल्याची करतात त्याचे झाकण बसवायचे होते. "जगेलच असे सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठीआधी डोके कसे होते? फोटो आहे?"

फोटो नव्हता. मी सुरुवात केली, "सदरहू कुत्र्याचा माथा सामान्यतः वाटोळा, किंचित उतरता…"

त्यांनी मेणाचा गोळा पुढे सरकवला. "सांगू नका. करून दाखवा."

मी डोळे मिटले. डाव्या हाताला सारे ठाऊक होते: मधली बारीक पन्हळ, कानांकडचा उतार. त्या मेणावरून साचा निघाला, साच्यातून झाकण.

शस्त्रक्रिया चालली असता पत्नी ओसरीवर मला म्हणाली, "कुत्र्यापायी उपाशी बसून राहिले व्हय?" भाकरीचे गाठोडे मात्र तिनेही सोडले नाही.

तो जगला. जखम भरेपर्यंत माथ्याला हात लावण्यास मनाई होती. ती मनाई उठली त्या दिवशी मी हात पुढे केला, तोच त्याने स्वतः डोके वर रेटून तळव्यात बसवले. सारे जागच्या जागी होते. फक्त एका कानाजवळ झाकणाची कड कातडीखालून लागे. कालांतराने माझे बोट आधी तीच शोधू लागले.

त्यानंतर तो दोन-तीन उन्हाळे टेबलाखाली बसला. मग म्हातारपणाने गेला. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. अजूनही मायना लिहिताना माझा डावा हात खाली जातो, तळवा किंचित वाकवून.

"काका, काही पडलं का खाली?" एखादा पक्षकार वाकून विचारतो.

"न्हाई," मी म्हणतो, आणि हात थोडा वेळ तिथेच राहू देतो.